पल्याडचं अकरा नंबरचं दार

पल्याडचा जन्म वरकुट्यातल्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत झाला, आणि त्याला कारण माझा वालचंदनगरचा मामा. मामा तिथं ड्रॉइंग ऑफिसात कामाला होता, क्वार्टरमध्ये राहायचा, आणि आमच्याकडं येताना खाऊऐवजी टाकाऊ ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्या आणायचा. आईनं ते कागद फळीवर डब्यांखाली अंथरले, त्यांच्यावर कुरडया वाळवल्या, एकदा तर पाहुण्यांना त्यात लाडू बांधून दिले, तरी ते संपेनात. माझे वडील, ज्यांना मीच काय, सगळं गाव अण्णा म्हणायचं, ते पाटकरी होते. कालव्याच्या फाट्यावर कोणत्या शेताला कधी पाणी जायचं ते बघणारा, दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस म्हणजे पाटकरी. त्यांचा फाट्याचा नकाशा खिशातल्या घामानं चिंध्या व्हायला आला होता, म्हणून एका रविवारी त्यांनी तो मला नवा उतरवून काढायला सांगितला. माझं अक्षर बरं होतं, एवढीच माझी पात्रता. मी तेव्हा नववीत होते.

फाटा, त्यावरची अकरा दारं, प्रत्येक दाराखालची शेतं, ओढा, शाळा, मसोबाचा लिंब, सगळं मी मामाच्या आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलं. एक नंबरचं दार फाट्याच्या तोंडाशी, हेडला, आणि अकरा नंबर सगळ्यात शेवटी, टेलला. आमच्याकडं हे दोन शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ असतात, कारण हेडच्या माणसाला पाणी आधी दिसतं आणि टेलच्या माणसाला आधी ऐकायला मिळतं, की येणार आहे म्हणून. शाई वाळावी म्हणून मी कागद खिडकीच्या गजांना अडकवला आणि आई हाक मारते म्हणून अंगणात गेले. परत येताना बाहेरूनच खिडकीकडं पाहिलं, तर कागद मागच्या बाजूनं दिसत होता. तोच फाटा, तीच अकरा दारं, पण पाणी उलट्या दिशेनं चाललेलं. शाळा ओढ्याच्या पल्याड गेलेली. आमचं घर होतं, पण रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला. मी किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही. आई म्हणते पोळी करपेपर्यंत, पण आमच्याकडं रविवारी पोळ्या नव्हे, भाकरी व्हायच्या, तेव्हा आईच्या आठवणीवरही फार विसंबून चालत नाही.

पुढं आयुष्यभर मी ज्या ग्रहाच्या गोष्टी लिहिल्या, त्याचं बियाणं एवढंच. लोक मुलाखतीत विचारतात, तुम्हाला पृथ्वीसारखाच दुसरा ग्रह रचण्याची कल्पना कशी सुचली, आणि त्यांना काहीतरी दुर्बिणीबिर्बिणीचं ऐकायचं असतं. मी कुरडयांचा कागद म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो.

ग्रहाचं नाव मी पल्याड ठेवलं आणि दोनशेपानी वही घेऊन कामाला लागले. पाणी उलटं, तर सूर्यही उलटा हवा. म्हणून तो पश्चिमेला उगवायला लावला. मग माणसं. इथं जो जसा, तिथं तो त्याच्या उलट, असा मी नियम केला आणि पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून टाकला. पल्याडला आमच्या वर्गातला पहिला नंबर नापास व्हायचा. पल्याडला पुरुष भाकरी थापायचे. हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती चुलीपुढं बसून काळ्या मसाल्याची आमटी ढवळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "तुझं अण्णा तितं भाकरी करत्यात?" मी म्हटलं, हो. "मग तितं लोक कच्च्याच खात असतील," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसत राहिली.

हौसेला मोल नसतं. मला एवढ्यावर भागेना, म्हणून मी वहीत पल्याडचा नकाशा काढला आणि त्यातले आकडेही फिरवले. टेलचं अकरा नंबरचं दार पल्याडला पहिलं केलं आणि पाणी तिथून निघून हेडकडं पाठवलं. अण्णांनी वही हातात घेतली. ते चौथी शिकलेले, पण नकाशा वाचताना त्यांचं बोट आमच्या भूगोलाच्या सरांपेक्षा भरभर चालायचं. बोट मधेच थांबलं. "कुंदे, हितं पाणी चढावर चाललंय. काय बैलं जुपलीस का त्याला?" मी म्हटलं, तो दुसरा ग्रह आहे. "असू दे की. ग्रह दुसरा हाय, पाणी तर पाणीच हाय न्हवं? त्याला उतार लागतोच." मग थोडा विचार करून म्हणाले, "मानसं कर की हवी तेवढी उलटी. पाणी उलटं करू नगंस." मी ते आकडे खोडले. आज तरुण लेखक मला त्यांची बाडं पाठवतात, त्यात तीन तीन चंद्र असतात आणि नद्या डोंगर चढत असतात. मी त्यांना अण्णांचं हेच वाक्य पाठवते, फक्त जरा शुद्ध करून.

अण्णांचा दिवस सायकलवर जायचा. सायकलचं मागचं मडगार्ड ढिलं होतं, त्यामुळं ते दोन शेतं लांब असतानाच खडखड ऐकू यायची आणि आई तवा चढवायची. हँडलला दारांची लोखंडी चावी बांधलेली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत पाळीपत्रक, म्हणजे कुणाची पाण्याची पाळी कधी याचा कागद. त्या कागदापुढं त्यांना सगेसोयरे नव्हते. माझ्या सख्ख्या चुलत्याचं वांग्याचं रान एकदा पाळी हुकली म्हणून कोमेजलं, तरी त्यांनी दार उचललं नाही आणि चुलता वर्षभर आमच्या दारातून मान वळवून गेला. "पाटकऱ्याच्या घरची तुळस पन पाळीनंच पानी पिती," असं गाव म्हणायचं. त्यात टोमणा होता तसा मानही होता. अण्णांना तो मान फार प्यारा होता. त्यांच्याकडं दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं.

त्या सालच्या हिवाळ्यात वर कुठंतरी कालव्याला भगदाड पडलं आणि पाणी चार दिवस बारीक झालं. नियमानं पहिली पाळी टेलची, मग एकेक दार करत हेडकडं यायचं. टेलची पाळी नेमकी त्याच चार दिवसांत आली आणि पाणी अकरा नंबरपर्यंत पोचलंच नाही. कालवा दुरुस्त झाला, पाणी पुन्हा जोरात आलं, पण तोवर कागदावर टेलची पाळी संपली होती. अकरा नंबरखाली अमिनाचाचीचं अठरा गुंठे रान होतं. तिचा नवरा इंदापुरात सायकलचं दुकान चालवायचा, शेत सगळं तिच्या अंगावर. तिनं वाफ्यात कांद्याचं रोप टाकलं होतं.

मी दुपारी अण्णांची भाकरी घेऊन फाट्यावर गेले होते. लिंबाखाली अण्णा फडकं सोडत होते, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. तेवढ्यात चाची आली. तिनं ओंजळीत रोपाचा एक जुडगा उपटून आणला होता, पिवळा पडलेला. "अण्णा, तुमी म्हनाल पाळी गेली. व्हय, गेली. पर पाळीत पानी कुठं हुतं? एक तास द्या. रोप तेवढं जगंल." अण्णा म्हणाले, "चाची, कागुद न्हाय." ती म्हणाली, "रोपाला कागुद वाचता येत न्हाय, अण्णा." ती ना रडली, ना भांडली. तो जुडगा अण्णांच्या भाकरीशेजारी ठेवून ती बांधानं परत गेली.

अण्णांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली बांधून ठेवली. मग सायकल काढली, मला मागं बसवलं, आणि आम्ही दोन नंबरवर गेलो. त्या दिवशी पाळी तिथल्या बापूरावांची होती. बापूराव म्हणजे हेडचे बडे बागायतदार, डाळिंब, ऊस, दोन ट्रॅक्टर. अण्णांनी त्यांचं दार खाली केलं. स्क्रूचा तो करकर आवाज मला अजून ऐकू येतो. भर दुपारी फाट्यावर कुणी नव्हतं. मग अकरा नंबर. पाणी चारीतून सळसळत चाचीच्या वाफ्यात शिरलं तेव्हा ती लांब उभी होती. तिनं फक्त पदर डोक्यावर घेतला. घड्याळ लावून एक तास झाला, दार बंद झालं, बापूरावांचं उघडलं. परतताना अण्णा म्हणाले, "कुनाला सांगू नगंस, कुंदे." मी म्हटलं, नाही सांगणार.

आणि सांगितलंही नाही. फक्त त्याच आठवड्यात पल्याडच्या वहीत एक नवं प्रकरण लिहिलं. पल्याडच्या पाटकऱ्याकडं एक बाई पिवळं रोप घेऊन येते, तासभर पाणी मागते, आणि तो म्हणतो, पाळी गेली. दार उघडत नाही. रोप जळतं. मी सगळं उलटं लिहिलं होतं, म्हणजे वचन मोडलं नव्हतं, उलट फारच हुशारीनं पाळलं होतं असं मला वाटत होतं. वहीतलं ते सगळ्यात चांगलं प्रकरण होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि लिहिणाऱ्याला एवढं कळलं की त्याची बाकीची अक्कल गहाण पडते.

शाळेच्या गॅदरिंगला दुपारी बक्षीस समारंभ होता. पाहुण्यांची गाडी यायला उशीर झाला, मंडपात गाव बसलेलं, तेव्हा विज्ञानाचे गाडेकर सर मला म्हणाले, "कुंदा, तुझ्या त्या ग्रहाचं काहीतरी वाच, दहा मिनिटं काढ." मी माईकपुढं गेले. आधी लाल शाईचा नियम वाचला, कारण नियम कळला नाही तर मजा काय? इथं जे आहे, जे घडतं, त्याच्या बरोबर उलट पल्याडला. मग माणसं वाचली. पल्याडचे बापूराव रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पोराला हाका मारून डाळिंबं वाटतात, हे वाचलं तेव्हा मंडप असा हसला की माईक शिट्टी मारायला लागला. खऱ्या बापूरावांच्या बागेत पडकं डाळिंब उचललं तरी ते गडी मागं लावायचे. ते पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. तेही हसले, पण ओठांनी. मला वाटलं, जिंकलंच आता, आणि मी पाटकऱ्याचं प्रकरण काढलं.

वाचताना मंडप गप्प झाला. मला वाटलं, गोष्ट लागतेय लोकांना. "आणि रोप जळालं," असं म्हणून मी वही मिटली. टाळ्या पडायच्या आधी बापूराव उठले. त्यांनी वळून गावाकडं तोंड केलं. "तितं न्हाय दिलं, म्हंजी हितं दिलंच की! पोरगीच सांगती, समदं उलटं म्हनून. अकरा नंबरला हिरवंगार रोप कसं, ह्येचा मी इचारच करत हुतो. आन् मधीच तासभर पानी तुटलं, ती पाळी कुनाची हुती? माझी!" मागं, शाळेच्या भिंतीला टेकून अण्णा उभे होते. सगळं गाव त्यांच्याकडं वळून बघत होतं. त्यांच्याकडं त्या नजरेनं बघितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. पण मारुतीची निदान पूजा तरी होते. मी जे केलं होतं त्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे जेवायला बसलो. आईनं माझ्या ताटात तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्त, आणि मी ते पाहून रडले.

बापूरावांनी लेखी तक्रार दिली. आठ दिवसांनी पाटबंधारे खात्याच्या सेक्शनचे साहेब मोटारसायकलवर आले आणि ग्रामपंचायतीत बसले. बापूराव होते, अण्णा होते, अमिनाचाची दाराशी उभी होती, आणि वही घेऊन मी. साहेब तरुण होते, त्यांना अण्णांबद्दल आदर होता. त्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं, हे मलाही दिसत होतं. त्यांनी वही चाळली, हसले, आणि मला म्हणाले, "बाळ, ही तर गोष्ट आहे ना? कल्पनेतली. तिथं जे घडतं त्याचा इथल्याशी काही संबंध नाही, बरोबर?" असं विचारून त्यांनी मला वाटच करून दिली होती. मी हो म्हटलं की अण्णांची नोकरी वाचणार होती. मी म्हटलं, "हो साहेब, काही संबंध नाही. सगळं खोटं आहे." लाल शाईनं लिहिलेला नियम, वर्षभराचं काम, मी एका दमात बुडवलं होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. अण्णांसाठी मी दहा ग्रह बुडवले असते.

साहेबांनी वही मिटली. "झालं तर मग," म्हणाले. तेवढ्यात अण्णा बोलले.

"पोरगी माझ्यापायी खोटं बोलती, साहेब. तिनं लिवलंय ते नियमानं बराबर हाय. मी दार उचललं. एक तास. दोन नंबरचं पानी, अकराला."

बापूराव त्यांच्याकडं बघतच राहिले. त्यांना भांडण हवं होतं, कबुली नको होती. "आरं अण्णा," ते म्हणाले, "एक तासानं माझं काय वाळवंट झालं न्हाय. मला इचारायचं तरी." अण्णा म्हणाले, "इचारलं असतं तर दिलं असतं?" साहेब कपाळाला हात लावून बसले, कारण एकदा कानांनी ऐकल्यावर त्यांना लिहिणं भाग होतं. अण्णांनी बाहेर जाऊन सायकलच्या हँडलची चावी सोडून आणली आणि टेबलावर ठेवली. ती एवढी जड असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. टेबल वाजलं.

नोकरी गेली नाही, पण पाटकरीपण गेलं. अण्णांची बदली बारामतीकडं झाली, कन्हेरीजवळच्या एका गोदामावर, राखणदार म्हणून. आम्ही बारामतीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. त्यामुळंच पुढं मला कॉलेज मिळालं, असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण रोज फाटा पायाखाली घालणारा माणूस खुर्चीवर बसून गंजक्या दारांची राखण करतोय, हे मी डबा द्यायला गेले की बघायची. ती दारं कालव्याचीच होती, मोडीत काढलेली. सायकल भिंतीला लागलेली असायची. मडगार्ड अण्णांनी घट्ट करून घेतलं होतं. ते मला फार लागलं. मी पल्याडची वही आईच्या ट्रंकेत तळाशी घातली आणि दीड वर्षं एक ओळ लिहिली नाही. मला अण्णांची माफी मागायची होती, पण कुठून सुरुवात करायची ते कळत नव्हतं, आणि ते तो विषयच काढत नव्हते.

त्यांनी काढला तो एका रविवारी, जेवताना. इंदापूरच्या बाजारातून कुणाच्या तरी हाती अमिनाचाचीनं अर्धं पोतं कांदे पाठवले होते. ती दर वर्षी पाठवायची. अण्णांनी कांदा फोडला आणि विचारलं, "कुंदे, तुझ्या त्या पल्याडला त्या बाईचं पुढं काय झालं?"

"कोणत्या बाईचं?"

"जिचं रोप जळालं ती. तू तितंच सोडलंस. पोटापान्याला काय केलं तिनं?"

मी म्हटलं, माहीत नाही. मी तो विचारच केला नव्हता. मग मी म्हटलं, "अण्णा, माझ्यामुळं तुमचं…" त्यांनी हात वर केला. "माझं हुईल ते हुईल. मी हितं कांदा खातोय. ती तितं दीड वरीस उपाशी हाय. वही काढ."

मी ट्रंक उघडली. वहीत फाट्याचा तो ट्रेसिंगचा कागद, पाटकरीपण गेल्यावर अण्णांनी मला परत दिलेला, चौघडी करून ठेवलेला होता. मी म्हटलं, "पण नियम आहे. इथं दिलं म्हणजे तिथं नाही द्यायचं. तिथंही दिलं तर मग उलटं कुठं राहिलं?" अण्णांनी कागद जमिनीवर पसरला, त्यावर हात फिरवून घड्या मोडल्या, आणि माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक मागितलं. बोटानं फाट्यावरून एक, दोन, तीन असं मोजत ते टेलला आले आणि अकरा नंबरच्या दारावर कर्कटकाचं टोक दाबलं. कागदाला बारीक भोक पडलं. मग त्यांनी कागद उलटा केला आणि माझ्यापुढं ठेवला.

"आता कुठल्या बी अंगानं बघ," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. पल्याडची माझी चार पुस्तकं झाली, आणि त्या चारही पुस्तकांत सगळं जग उलटं आहे, फक्त टेलच्या एका दाराला दोन्हीकडं सारखंच पाणी जातं. मागच्या महिन्यात एका इंजिनिअर मुलाचा मोबाईलवर मोठा मेसेज आला. त्यानं चारही पुस्तकं तपासून दाखवून दिलं होतं की ही नियमातली चूक आहे आणि पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करावी. मुलगा हुशार आहे. मी दोन दिवस विचार केला आणि मग त्याला खरं तेच कळवलं. लिहिलं, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण माझ्या कागदाला तिथं भोक आहे.